मालदीव : वेलाना विमानतळावरून रिसॉर्टपर्यंत (विमानाचं तिकीट काढायच्या आधी वाचा)

सागरगोटा

मालदीवबद्दल लिहिताना पाण्यावरच्या खोल्या, जेवणाचे प्लॅन, फोटो यांवर सगळे भरभरून लिहितात. विमानतळ ते रिसॉर्ट हा टप्पा मात्र "ते रिसॉर्टवाले बघतात" एवढ्यावर आटोपतो. बघतात, हे खरं आहे. पण तुमचं विमान किती वाजता उतरणार हे त्यांच्या हातात नसतं आणि या देशात पुढचं सगळं त्या एका वेळेवर ठरतं. म्हणून हा स्वतंत्र धागा.

आधी भूगोल. जवळपास १,२०० बेटं, उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून लांब पट्ट्यात पसरलेली. बहुतेक आंतरराष्ट्रीय विमानं वेलानाला उतरतात. हा विमानतळ हुलहुले बेटावर आहे. रिसॉर्ट म्हणाल तर जवळजवळ प्रत्येकाचं स्वतःचं बेट. बाहेर पडून टॅक्सी केली आणि हॉटेल गाठलं, असं फक्त राजधानी माले आणि विमानतळाला रस्त्याने जोडलेलं हुलहुमाले बेट इथेच होऊ शकतं. मालेला जाणारा सिनामाले पूल २०१८ साली झाला, त्याआधी तिथेही बोटीनेच जावं लागायचं. बाकी सगळीकडे अजूनही पाणी ओलांडायचं आहे.

उत्तर आणि दक्षिण माले अॅटॉलमधल्या (अॅटॉल म्हणजे कड्यासारखा प्रवाळ बेटांचा समूह) रिसॉर्टना स्पीडबोट जाते, दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत. त्यापलीकडच्या बहुतेकांना सीप्लेन. आणि फार लांबच्या किंवा जवळ देशांतर्गत धावपट्टी असलेल्या रिसॉर्टना छोटं विमान, पुढे बोट.

अडतं ते सीप्लेनपाशी. ते फक्त दिवसाउजेडी उडतं, कारण पायलट नजरेने अंदाज घेऊन पाण्यावर उतरतो आणि समुद्रावर दिव्यांची धावपट्टी नसते. माले विषुववृत्ताच्या इतकं जवळ आहे की तिथे वर्षभर सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्याआधी शेवटच्या विमानाने प्रवासी सोडून तळावर परतलेलं असायला हवं. त्यामुळे बहुतेक रिसॉर्ट सांगतात की आंतरराष्ट्रीय विमान दुपारी साडेतीनच्या आत उतरलं पाहिजे, काही तर तीनच धरतात. त्यानंतर उतरलात तर ती रात्र माले-हुलहुमालेत काढायची आणि रिसॉर्टमधली पैसे भरलेली खोली रिकामी राहणार. पहिल्या रात्रीचं भाडं असं वाया गेलेली माणसं मी लाउंजमध्ये पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

तर माझं कळकळीचं सांगणं असं की रिसॉर्ट आवडलं की ते कुठल्या अॅटॉलमध्ये आहे ते बघा, तिथे नेणारं साधन कोणतं आणि ते किती वाजेपर्यंत मिळतं हे रिसॉर्टला मेल करून विचारा, उत्तर आल्यावरच विमानाचं तिकीट काढा. स्वस्त तिकीट दिसलं की मोह होतो, पण नेमकी तीच विमानं बऱ्याचदा संध्याकाळी उतरतात.

प्रश्न विचारा, आपापले अनुभव लिहा.

अनुजा_प

धागा अगदी वेळेवर आला. ऑगस्टमध्ये आईबाबांना घेऊन चाललो आहोत. बाबांना मांटा रे (पंखांसारखे कल्ले असलेले प्रचंड मासे) बघायचे आहेत, म्हणून बा अॅटॉलमधलं रिसॉर्ट घेतलं, हनिफारू या मांटांच्या उपसागराजवळचं. तिकिटं काढून झाली आहेत आणि उतरायची वेळ आहे दुपारी ४:४०. रिसॉर्टने कळवलंय की त्या दिवशी सीप्लेन मिळणार नाही, डोमेस्टिक विमान आणि पुढे स्पीडबोट घ्या. आईचे गुडघे दुखतात. अंधारात बोटीत चढायला-उतरायला तिला जमेल का, याची मला खूप काळजी वाटते. त्यापेक्षा एक रात्र हुलहुमालेत काढून सकाळी सीप्लेनने जावं का?

पांथस्थ

अनुजाताई, रिसॉर्टने सुचवलेला पर्याय चांगला आहे, लगेच नाकारू नका. बा अॅटॉलचा विमानतळ धरवंधू बेटावर आहे. वेलानाहून विमान अर्ध्या तासाच्या आत तिथे पोहोचतं. हे नेहमीच्या धावपट्टीवर उतरणारं विमान असल्यामुळे अंधाराची अडचण नाही, संध्याकाळनंतरही फेऱ्या असतात. तिथून पुढची बोट रिसॉर्टचीच असते.

मात्र रिसॉर्टला हे तीन प्रश्न विचाराच. वेलानावर दोन विमानांमध्ये किती वेळ मिळणार? धरवंधूहून बोटीचा प्रवास किती मिनिटांचा? आणि आपलं आंतरराष्ट्रीय विमान उशिरा आलं तर त्याच रात्री पुढची फेरी आहे का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर हुलहुमालेत एखाद-दुसऱ्या गेस्ट हाउसचा नंबर जवळ असू द्या.

आणखी एक, हनिफारूच्या आत स्कुबा डायव्हिंगला बंदी आहे, तिथे स्नॉर्केलिंगच (तोंडात नळी धरून पाण्याच्या वरच्या थरातून बघणं) करता येतं, तेही गाइडबरोबर. बाबांना आधी कल्पना द्या. ऑगस्ट हा मांटांचा भर हंगाम आहे, त्यामुळे महिना उत्तम निवडलात.

निळाई

आईच्या गुडघ्यांबद्दल लिहिते, कारण माझ्या सासूबाईंना घेऊन गेलो तेव्हा हाच घोर होता.

सीप्लेन गुडघ्यांना सोपं असेल असं अनेकांना वाटतं. तसं ते नाही. ट्विन ऑटर विमानात चढायला अरुंद, उभी शिडी असते, पायऱ्या थोड्याच पण उंच. आत पंधरा-एक माणसांची जागा, वाकूनच आपल्या सीटपर्यंत जायचं. आवाज प्रचंड, एसी नाही, स्वच्छतागृह नाही. काही रिसॉर्टच्या बाबतीत विमान बेटाच्या धक्क्याला लागतच नाही. समुद्रात तरंगत्या फलाटावर उतरवतात आणि तिथून परत बोट. म्हणजे चढउतार दोनदा.

स्पीडबोटीत मुख्य भाग एका पावलाचाच आहे, पण ते पाऊल हलत्या बोटीवर टाकायचं असतं. दोन्ही बाजूंनी हात धरायला रिसॉर्टची माणसं असतात आणि ती या कामात तरबेज आहेत. आम्ही आधी मेल करून सांगितलं होतं, तर धक्क्यावर खुर्ची घेऊन दोघं उभे होते. न सांगताही मदत झालीच असती, पण सांगितल्यामुळे सासूबाईंची भीती निम्मी कमी झाली. वेलानावर व्हीलचेअर हवी असेल तर ती विमान कंपनीकडे तिकिटावर नोंदवून घ्या. ऐनवेळी मागितली तर थांबावं लागतं.

दर्यावर्दी

ऑगस्ट म्हणजे नैऋत्य मोसमी वाऱ्यांचा काळ. साधारण मे ते ऑक्टोबर समुद्र उसळलेला असतो. रोज वादळ नसतं, कित्येक दिवस लख्ख ऊन असतं, पण स्पीडबोट आपटत जाते. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी बोटीत बसल्यावर घेऊन उपयोग नाही, अर्धा-एक तास आधी घ्यावी. गोळी कुठली ते आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या, विशेषतः आईबाबांच्या रक्तदाबाची औषधं चालू असतील तर.

बसायची जागा मागे, इंजिनाच्या बाजूला धरा. सगळे हौसेने पुढे जाऊन बसतात आणि तिथेच बोट सर्वांत जास्त उचलली जाते. पाठीचं किंवा मानेचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर पुढे मुळीच बसू नये.

वाटसरू_मी

मी थोडा वेगळा विचार मांडतो. ज्येष्ठ माणसं किंवा तान्हं मूल बरोबर असेल तर माले अॅटॉलमधलंच, स्पीडबोटीने अर्ध्या तासात पोहोचणारं रिसॉर्ट घ्यावं. बोट रात्रीही सुटते, विमान कधीही उतरलं तरी चालतं आणि खर्चही कमी. सीप्लेनचं जाऊन-येऊन भाडं माणशी ४०० डॉलरच्या पुढे सहज जातं, कुठे ६००-७००. चार जणांचं कुटुंब असेल तर त्या पैशांत रिसॉर्टच्या आणखी रात्री बसतात.

सागरगोटा

वाटसरू, लहान बाळ असेल तर तुमच्याशी पूर्ण सहमत. पण अनुजाताईंच्या बाबांना मांटा बघायचे आहेत आणि त्यासाठी हनिफारूसारखी जागा नाही. २०११ पासून बा अॅटॉल युनेस्कोचं जीवावरण क्षेत्र आहे. ज्या कारणासाठी माणूस जातोय तेच सोडून जवळचं रिसॉर्ट घ्यायचं, हे मला पटत नाही.

सीप्लेनच्या बाजूनेही दोन शब्द. विमान कमी उंचीवरून जातं, काचेला नाक लावलं की एकेक प्रवाळकडं खाली दिसतं, मधोमध फिकट निळं आणि कडेला एकदम गडद. मला तो सगळ्या सहलीतला सर्वांत सुंदर अर्धा तास वाटतो. वेळ जुळत असेल आणि खिशाला झेपत असेल तर जरूर घ्यावं.

पण सीप्लेनचं वेळापत्रक नेहमीच्या विमानासारखं छापील नसतं, हे लक्षात ठेवा. आदल्या संध्याकाळी कुठले प्रवासी कधी उतरणार ते बघून फेऱ्या लावतात. एकच विमान वाटेतल्या दोन-तीन रिसॉर्टना थांबत जातं, अगदी एसटीसारखं. त्यामुळे "उड्डाण ३५ मिनिटांचं" लिहिलेलं असलं तरी लाउंजमधली वाट धरून दोन-तीन तास मोडू शकतात. भूक लागेल, फोन चार्ज लागेल, मुलं कंटाळतील, त्या तयारीने जा. सीप्लेनचं टर्मिनल धावपट्टीच्या पलीकडच्या बाजूला आहे, तिथे छोट्या बसने नेतात. ती बस वेगळी शोधावी लागत नाही.

मृण्मयी_आर

उतरल्यापासून बाहेर पडेपर्यंत नक्की काय काय होतं ते कोणी क्रमाने सांगाल का? मी पहिल्यांदाच चालले आहे, एकटीच.

पांथस्थ

सांगतो. निघण्याआधी घरूनच इमुगा नावाचं प्रवासी घोषणापत्र ऑनलाइन भरायचं. प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरता येतं, येतानाचं वेगळं आणि परत निघतानाचं वेगळं. ते पूर्ण मोफत आहे. सरकारी संकेतस्थळासारख्या दिसणाऱ्या, पैसे मागणाऱ्या साइट शोधात वर येतात. पैसे मागितले की साइट बंद करा. भरल्यावर मिळणारा क्यूआर कोड फोनमध्ये जतन करा, एक कागदी प्रतही ठेवा.

व्हिसा उतरल्यावर मिळतो, फुकट. अधिकारी राहण्याचं बुकिंग आणि परतीचं तिकीट मागू शकतात. मग सामान, मग कस्टम्सच्या स्कॅनरमधून बॅगा. दारूची बाटली नेऊ नका, ड्यूटी फ्रीमधली सुद्धा. ती ठेवून घेतात आणि पावती देतात, परत जाताना पावती दाखवून मिळते. रांग, कागद, वेळ, सगळं त्यात जातं आणि तेवढ्यात तुमची बोट सुटते. डुकराच्या मांसाचे पदार्थही चालत नाहीत. व्हेप, ई-सिगारेट नेण्यावर तर २०२४ च्या नोव्हेंबरपासून बंदी आहे.

दरवाजातून बाहेर आलात की समोर रिसॉर्टचे काउंटर आणि नावांच्या पाट्या घेतलेली माणसं. तुमच्या रिसॉर्टचा काउंटर नंबर मेलमध्ये लिहिलेला असतो, नसेल तर मागवून घ्या. पाटीवाला भेटला की पुढचं सगळं तो बघतो. २०२५ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालंय, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून गेलात तर जागा ओळखू येणार नाही. काउंटर नंबरवरच भिस्त ठेवा.

एकट्या आहात तर सिमकार्ड तिथेच घ्या, धिरागू आणि ऊरेडू दोन्हींचे काउंटर आहेत. काउंटरवर कोणी दिसलं नाही तर रिसॉर्टला लगेच फोन लावता येतो.

निळाई

मृण्मयी, एकटीने जायला ही जागा खरंच सोपी आहे. तुझ्या नावाची पाटी घेतलेला माणूस तुला थेट बोटीत बसवतो. मध्ये कुठे भाव करायचा नाही, रस्ता शोधायचा नाही. फक्त परतीची वेळ आणि रिसॉर्टचा फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेव.

कोमल_डी

वजनाचं कोणी लिहिलंच नाही! सीप्लेनला माणशी २० किलो सामान आणि ५ किलोची हातातली बॅग, साधारण एवढंच. आंतरराष्ट्रीय तिकिटावर ३० किलो लिहिलंय म्हणून लोक भरून आणतात आणि इथे हातातली बॅग सुद्धा काट्यावर ठेवतात. जास्तीच्या प्रत्येक किलोला डॉलर मोजा. देशांतर्गत विमानालाही मर्यादा आहे, ती वेगळी विचारून घ्या.

कधीकधी तुम्ही एका सीप्लेनने जाता आणि बॅग मागच्या सीप्लेनने येते. विमानाचा तोल बघून ते ठरवतात. म्हणून औषधं, पोहण्याचे कपडे, चार्जर, मुलांचे एक जोडी कपडे हातातल्या बॅगेत ठेवा. कडक मोठ्या सूटकेसपेक्षा मऊ बॅग बरी.

ओंकार_जी

आमचं बजेट रिसॉर्टचं नाही. माफुशी या स्थानिक वस्तीच्या बेटावर गेस्ट हाउस घेतलंय. तिथे कसं जायचं?

दर्यावर्दी

माफुशीला दोन मार्ग. वेलानाच्या धक्क्यावरून ठरल्या वेळी सुटणाऱ्या सामायिक स्पीडबोटी आहेत, पाऊण तासाच्या आत पोहोचवतात, एका बाजूचे साधारण २० ते ३० डॉलर. गेस्ट हाउसवाल्याला विमानाचा नंबर कळवलात तर तोच जागा राखून ठेवतो. तेच करा.

दुसरा, सरकारी फेरीबोट. ती मालेहून सुटते, विमानतळावरून नाही, म्हणजे आधी बसने किंवा टॅक्सीने मालेला जायचं. दीड-दोन तास लागतात, भाडं अगदी नाममात्र. स्थानिक लोक, शाळकरी मुलं, किराण्याची पोती यांच्याबरोबरचा प्रवास आहे आणि वेळ असेल तर मला तो फार आवडतो. पण शुक्रवार हा तिथला सुट्टीचा दिवस. त्या दिवशी बऱ्याच सरकारी फेऱ्या नसतात. स्पीडबोटींच्याही वेळा दुपारच्या नमाजामुळे बदलतात. शुक्रवारी उतरत असाल तर आधीच बोलून ठेवा.

धिगुरा, उकुलहास अशा लांबच्या बेटांवर जाणार असाल तर स्पीडबोटी दिवसाला मोजक्याच. तिथे सागरगोटा यांनी वर लिहिलेला नियम रिसॉर्टपेक्षाही कडक लागू होतो. शेवटची बोट किती वाजता ते आधी, तिकीट मग.

मीनल_के

खर्चाचं एक लक्षात ठेवा. बुकिंगच्या साइटवर दिसणाऱ्या खोलीच्या भाड्यात ट्रान्सफर, म्हणजे विमानतळ ते रिसॉर्ट ने-आण, बहुतेक वेळा धरलेलं नसतं. पानाच्या तळाशी, बारीक अक्षरांत "अनिवार्य ट्रान्सफर" असं असतं. सीप्लेन आपलं आपण वेगळं स्वस्तात शोधू म्हटलं तर होत नाही, ते रिसॉर्टमार्फतच ठरतं. म्हणून दोन रिसॉर्टची तुलना करताना खोली अधिक ट्रान्सफर अशी बेरीज करा. आकडा माणशी आहे की खोलीमागे, जाऊन-येऊन आहे की एका बाजूचा, करांसह की कर वेगळे, हे सगळं लेखी घ्या. तिथला पर्यटनावरचा जीएसटी जुलै २०२५ पासून १७ टक्के झालाय, वर सेवाशुल्क. "कर वेगळे" हे दोन शब्द बिल बरंच वाढवतात. मुलांना बहुतेक ठिकाणी सवलत असते, पण वयाची अट प्रत्येकाची निराळी.

अनुजा_प

सगळ्यांचे मनापासून आभार. रिसॉर्टला सगळे प्रश्न पाठवलेत. तोवर परतीबद्दल विचारते. परतीचं विमान सकाळी ११ चं आहे. ते चालेल ना?

सागरगोटा

सकाळी ११ चं चालावं. सीप्लेन उजाडल्यावर सुरू होतात, त्यामुळे ९ च्या आधीची आंतरराष्ट्रीय विमानं धोक्याची. ११ ला सहसा अडचण येत नाही, फक्त पहाटे उठावं लागेल. निघायची नेमकी वेळ आदल्या संध्याकाळी खोलीवर कळवतात.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. बरीच रिसॉर्ट स्वतःचं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. मालेची वेळ भारतापेक्षा अर्धा तास मागे, रिसॉर्टची मालेपेक्षा एक तास पुढे. फोन आपोआप मालेची वेळ दाखवतो. चिठ्ठीवर "६:३०" लिहिलं असेल तर ते रिसॉर्टचं की मालेचं, हे रिसेप्शनवर विचारून त्यापुढे लिहून घ्या.

कोणी स्कुबा करणार असेल तर शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये. बऱ्याच डाइव्ह शाळा २४ तास सांगतात, तेच पाळा. हा हिशेब परतीच्या पहिल्या विमानापासून धरायचा, म्हणजे सीप्लेनपासून.

अनुजा_प

रिसॉर्टचं उत्तर आलं. दोन विमानांमध्ये जवळपास तीन तास मिळताहेत. धरवंधूहून बोट वीस मिनिटांची. आमचं विमान उशिरा आलं तर त्याच रात्री आणखी एक फेरी आहे. आईसाठी धक्क्यावर दोन माणसं आणि खुर्ची ठेवू म्हणालेत, बोटही बंद केबिनची पाठवणार आहेत. आईला मेल वाचून दाखवला तेव्हा तीच म्हणाली, जाऊ या. तर जाताना डोमेस्टिक आणि बोट. येताना सीप्लेन मागितलं आणि त्यांनी हो म्हटलंय, बाबांना वरून बेटं बघायची आहेत. शिडीचं आईला सांगितलंय, दिवसाउजेडी सावकाश चढेन म्हणते.

निळाई

अनुजा, सीप्लेनमध्ये सीट नंबर नसतात. बाबांना खिडकी हवी असेल तर त्यांना रांगेत पुढे उभं कर. आईला दाराजवळची सीट मिळेल का ते चढतानाच विमानातल्या कर्मचाऱ्याला विचार, म्हणजे तिला आत वाकून फार चालावं लागणार नाही. आणि दोघांसाठी कानात घालायचे बोळे मागून घे, तिथे देतात.